जखमेच्या केसपेपरवर एक रकाना हवा: वैद्यकाच्या दोन्ही अभ्यास मंडळांना खुले पत्र

मानवी वैद्यक आणि पशुवैद्यक या दोन्ही शाखांचे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळांच्या सन्माननीय सदस्यांस,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

मी पशुवैद्य आहे आणि तीस वर्षांहून अधिक काळ घोडे, गुरे आणि शेळ्यामेंढ्या यांच्या जखमा पाहत आलो आहे. आपणापुढे मी दोन मागण्या ठेवत आहे. पहिली अशी, की जखमेतून शिरणाऱ्या जंतूंविरुद्धची प्रतिकारशक्ती हा विषय दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना, निदान एका प्रकरणापुरता तरी, एकत्र शिकवला जावा. दुसरी अगदी कारकुनी स्वरूपाची आहे: जखमी जनावराच्या केसपेपरवर त्याला हाताळणाऱ्या माणसाच्या धनुर्वाताच्या लसीची, आणि जखमी माणसाच्या केसपेपरवर त्याच्या सहवासातील जनावरांची विचारणा करणारा एक रकाना छापला जावा. ही दुसरी मागणी सुचली ती माझ्याच एका चुकीमुळे, म्हणून आधी ती सांगतो.

एका तबेल्यात मला चार वर्षांचा घोडा पाहायला बोलावले होते. चारही पाय फाकवून तो ओंडक्यासारखा ताठ उभा होता. कान उभे, शेपटी मुळाशी उचललेली, नाकपुड्या फुगलेल्या. मी त्याच्या हनुवटीखाली बोटाने हलकेच टिचकी मारली, तशी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी सर्रकन बुबुळावर आली आणि मागे गेली. हे पाहिल्यावर धनुर्वाताच्या निदानाला फारसे काही उरत नाही. पुढच्या उजव्या खुराच्या तळव्यात खिळा गेल्याची खूण सापडली. नाल सैल झाला असताना बारा दिवसांपूर्वी तो खिळा आत घुसला होता आणि मालकाने तो स्वतःच उपटून काढला होता. घोड्याला लस कधी दिली, तबेल्यात अंधार कसा करता येईल, आवाज कसा टाळता येईल, प्रतिविष (विषाला निष्प्रभ करणारा, रक्तापासून तयार केलेला द्रव) किती, पेनिसिलिन किती, हे सगळे मी विचारले, केले आणि लिहून ठेवले. परतीच्या वाटेवर, अर्ध्या तासाने, मला आठवले की घोड्याचा पाय धरून उभ्या असलेल्या त्या माणसाच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती.

मी मागे फिरलो. अंगठा त्याच खिळ्याने, त्याच दिवशी फाटला होता. गृहस्थांचे वय पन्नाशीच्या पुढचे. लहानपणी कधीतरी टोचल्याचे त्यांना अंधुक आठवत होते, त्यानंतर काहीच नाही. त्याच संध्याकाळी त्यांना एका दंडात लस आणि दुसऱ्या दंडात मानवी रक्तापासून तयार केलेले प्रतिविष मिळाले. घोडा चौथ्या दिवशी गेला. गृहस्थांना काही झाले नाही. ते लसीमुळे, की त्या अंगठ्यात बीजाणू (जंतूंची कवचबंद, सुप्त रूपे) रुजलेच नव्हते म्हणून, हे सांगता येणार नाही आणि तसा दावा मी करतही नाही. मला सलते ते इतकेच, की माझ्या छापील केसपेपरवर घोड्याच्या रंगाला, उंचीला आणि कपाळावरच्या टिळ्याला रकाना होता, त्या अंगठ्याला नव्हता. आणि जे कागदावर नव्हते ते माझ्या डोळ्यांनाही दिसले नाही.

धनुर्वाताचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी, मातीत बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षे टिकतो, आणि घोड्यासकट अनेक जनावरांच्या आतड्यांत व लिदी-शेणात सापडतो. १८८४ मध्ये आर्थर निकोलायर यांनी बागेतली माती प्राण्यांना टोचून हा रोग घडवून दाखवला. १८८९ मध्ये कितासातो शिबासाबुरो यांनी जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा केला, आणि १८९० मध्ये कितासातो व एमिल फॉन बेरिंग यांनी दाखवून दिले की विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात ते विष निष्प्रभ करणारे काहीतरी तयार झालेले असते आणि तो रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला दिला तर तोही वाचतो. 'प्रतिपिंडे' हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द ज्या प्रयोगांतून पुढे आला, त्यांत हे प्रयोग अग्रभागी आहेत. इथपर्यंतचा इतिहास दोन्ही शाखांचे विद्यार्थी वाचतात. त्यापुढच्या, खऱ्या उपयोगाच्या गोष्टी मात्र दोघांच्या वाट्याला अर्ध्या अर्ध्या येतात.

पहिली गोष्ट म्हणजे धनुर्वातातून बरे झाल्याने धनुर्वाताविरुद्ध प्रतिकारशक्ती येत नाही. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, ही सर्वांच्या मनातली प्रतिकारशक्तीची कल्पना इथे लागू पडत नाही. माणसाला मारायला शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे २.५ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या अडीच पट, एवढे विष पुरते असा अंदाज आहे. जे विष इतक्या अल्प मात्रेत जीव घेते, ते प्रतिकारयंत्रणेच्या नजरेस पडण्याइतके रक्तात असतच नाही. म्हणून रोगातून वाचलेल्या माणसाला आणि वाचलेल्या घोड्यालाही बरे होत असतानाच लस द्यावी लागते. हे वाक्य मी दरवर्षी नव्या पदवीधरांना विचारून पाहतो, आणि बरोबर उत्तर देणारे अर्धेही निघत नाहीत. ही माझी स्वतःपुरती पाहणी आहे, तिला संख्याशास्त्राचा आधार नाही, पण मला ती पुरेशी अस्वस्थ करते.

दुसरी गोष्ट अशी, की या रोगात कळपाची प्रतिकारशक्ती नावाचा प्रकार नाही. रोग एकाकडून दुसऱ्याला होत नाही, तो मातीतून येतो. त्यामुळे शेजारचे शंभर जण लस घेतलेले असले तरी लस न घेतलेल्या एकशे एकाव्याला त्याचा कणभरही आधार नसतो. शिवाय लस घेतलेला घोडा स्वतः सुरक्षित असतो, पण त्याच्या लिदीतून बीजाणू पडायचे ते पडतच राहतात, कारण त्याच्या रक्तातली प्रतिपिंडे विषाला अडवतात, आतड्यातल्या जंतूला नव्हे. काळपुळीच्या (अँथ्रॅक्सच्या) बाबतीत नेमके उलटे घडते. जनावरांना लस दिली की मेलेल्या जनावरांचे रक्त, कातडी, केस यांतून माणसाच्या हातावरच्या ओरखड्यात शिरणारा जंतूच कमी होतो, आणि जनावराच्या अंगातली प्रतिकारशक्ती खाटकाचा हात राखते. काळपुळीचे हे उदाहरण सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात इतक्या ठसठशीतपणे शिकवले जाते, की पशुपालकांच्या मनात 'माझी जनावरे टोचलेली आहेत, म्हणजे मीही सुरक्षित' हा समज पक्का बसतो. धनुर्वातापुरता तो समज जीवघेणा आहे, आणि तो काढून टाकण्याचे काम कोणत्या खात्याचे, हे आजही ठरलेले नाही.

नाळेचा विषय मला थोडा विस्ताराने मांडायचा आहे, कारण दोन्ही शाखा एकत्र शिकवण्याला याहून सबळ कारण माझ्यापाशी नाही. जन्मलेल्या प्रत्येक सस्तन जिवाची पहिली जखम म्हणजे तुटलेली नाळ. ती कापण्याचे हत्यार, ती बांधण्याचा दोरा, तिला लावलेली माती किंवा शेण, यांतून बीजाणू आत गेले, तर त्या तान्ह्या जिवाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा काही दिवसांत लढाईला उभी राहू शकत नाही. त्याला आईकडून उसनी घेतलेली प्रतिपिंडेच वाचवतात. माणसात ही उसनवारी वारेतून, म्हणजे गर्भाला आईशी जोडणाऱ्या अवयवातून, होते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात, विशेषतः शेवटच्या आठवड्यांत, आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वार ओलांडून बाळाच्या रक्तात जातात, आणि बाळ जन्मतःच शिदोरी घेऊन येते. म्हणूनच पूर्वी लस न घेतलेल्या गरोदर स्त्रीला किमान ४ आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि त्यातली दुसरी प्रसूतीच्या किमान २ आठवडे आधी, असा नियम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ मध्ये नवजात बालकांचे धनुर्वाताने सुमारे ७,८७,००० मृत्यू झाले होते. २०१८ पर्यंत तो आकडा सुमारे २५,००० पर्यंत खाली आला. स्वच्छ बाळंतपणाचा यात मोठा वाटा आहे, पण आईच्या दंडात टोचलेली सुई बाळाच्या नाळेचे रक्षण करते, हे तत्त्व त्या घसरणीच्या मुळाशी आहे.

गाय, मेंढी, शेळी, घोडी, डुकरीण यांच्यात हे घडत नाही. त्यांच्या वारेची रचनाच अशी, की प्रतिपिंडे तिच्यातून पलीकडे जात नाहीत. वासरू किंवा शिंगरू जन्मते ते जवळजवळ रिकाम्या रक्ताने, आणि त्याची सगळी शिदोरी चिकात असते. हा चीकही पहिल्या काही तासांतच पोटात जायला हवा, कारण त्या अखंड प्रतिपिंडांना रक्तात शिरू देणारी आतड्याची वाट तासागणिक बंद होत जाते आणि साधारण २४ तासांत ती मिटते. पण चीक भरपूर पाजला म्हणजे काम झाले असेही नाही. आईच्या अंगात धनुर्वाताविरुद्धची प्रतिपिंडे नसतील, तर तिच्या चिकातही ती नसणार. म्हणून गाभण मेंढीला किंवा घोडीला विण्याच्या साधारण ४ ते ६ आठवडे आधी वर्धक मात्रा देतात, म्हणजे चीक तयार होत असताना तिच्या रक्तातली पातळी चढती राहते.

आता विचार करा, की हे दोन परिच्छेद दोन वेगवेगळ्या इमारतींत, दोन वेगवेगळ्या पुस्तकांतून, एकमेकांचा उल्लेखही न करता शिकवले जातात. प्रसूतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला चिकाचे हे महत्त्व ठाऊक नसते आणि माझ्या विद्यार्थ्यांना वारेतून होणारी ही देवघेव ठाऊक नसते. एकमेकांशेजारी ठेवल्यावर मात्र दोन्ही गोष्टी एका वाचनात कळतात आणि जन्मभर लक्षात राहतात: जखम तीच, जंतू तोच, लसही तीच, फक्त आईकडून बाळाकडे जाण्याचा रस्ता वेगळा, आणि म्हणून टोचण्याचे आठवडे वेगळे. हा अनुभव मी एकदा दोन्हीकडच्या काही विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवून घेतला आहे. त्या दिवशी प्रश्न विचारायला परिचारिका सर्वांत पुढे होत्या, हे आवर्जून नोंदवतो.

वर्धक मात्रेच्या अंतराचे उदाहरणही असेच आहे. माणसाला मळलेली, खोल जखम झाली आणि शेवटच्या मात्रेला ५ वर्षे उलटून गेली असतील तर पुन्हा टोचावे, स्वच्छ किरकोळ जखमेला १० वर्षांची मुदत धरावी, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा दंडक आहे. त्याच देशातल्या अश्ववैद्यांच्या संघटनेची शिफारस अशी, की घोड्याला दरवर्षी टोचावे, आणि जखम झाली तेव्हा शेवटच्या मात्रेला ६ महिने झाले असतील तरी पुन्हा टोचावे. पाच वर्षे आणि सहा महिने. दोन्हीकडे फॉर्माल्डिहाइडने निष्प्रभ केलेले तेच विष टोचले जाते. घोडा या विषाला सर्वाधिक बळी पडणाऱ्या प्राण्यांपैकी एक आहे, लसीची किंमत त्याच्या जिवापुढे क्षुल्लक आहे, आणि तबेल्यात खिळे व लीद दोन्ही पायाखाली असतात, हे सगळे मान्य करूनही माझे मत असे आहे, की या दहापट तफावतीत रक्तातल्या प्रतिपिंडांपेक्षा दोन व्यवसायांच्या सवयींचा वाटा अधिक आहे. माझे मत चुकीचे असू शकेल. पण दोन्ही आकडे एकाच फळ्यावर लिहिलेले मी आजवर कोणत्याही वर्गात पाहिलेले नाहीत, त्यामुळे हा प्रश्न कोणा विद्यार्थ्याला पडायचीही सोय नाही.

हे दोन्ही व्यवसाय एके काळी इतके दूर नव्हते. जखमी माणसांना आगाऊ प्रतिविष देण्याची पद्धत ज्या कामावर उभी राहिली, त्यात १८९७ चे एदमों नोकार यांचे काम येते, आणि नोकार पशुवैद्य होते. विष फॉर्माल्डिहाइडने निष्प्रभ करून त्याची लस बनवण्याची रीत १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बसवणारे गॅस्तों रामों हेही शिक्षणाने पशुवैद्यच. प्रतिविषासाठी पाळलेल्या घोड्यांकडे पाहताना रामों यांच्या ध्यानात आले, की ज्या घोड्यांना टोचल्या जागी गळू होते त्यांच्या रक्तात प्रतिविष अधिक तयार होते. तेव्हा त्यांनी लसीत मुद्दाम साबुदाण्यासारख्या टॅपिओकाच्या पिठाची भर घालून पाहिली. लसीचा परिणाम वाढवणाऱ्या सहायक द्रव्यांची कल्पना अशी घोड्याच्या मानेवरच्या गळवातून निघाली, आणि आज तान्ह्या बाळांना देतात त्या धनुर्वाताच्या लसीत तिचाच ॲल्युमिनियमच्या क्षारांचा अवतार असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्कराने आपल्या सैनिकांना ही लस सरसकट दिली, आणि लाखो जखमींमध्ये धनुर्वाताचे अवघे १२ रुग्ण नोंदले गेले.

याची दुसरी बाजूही लपवू नये. १९०१ मध्ये अमेरिकेतील सेंट लुई शहरात जिम नावाच्या एका घोड्याच्या रक्तापासून मुलांसाठी घटसर्पाचे प्रतिविष बनवले जात होते. घोड्याला धनुर्वात झाला, त्याला मारण्यात आले, पण रोग अंगात भिनत असताना काढलेले रक्त बाटल्यांत भरून वाटले गेले आणि १३ मुले धनुर्वाताने दगावली. औषधी द्रव्यांच्या शुद्धतेवर सरकारी देखरेख ठेवणारा १९०२ चा अमेरिकी कायदा या प्रसंगातून आला. घोड्याच्या अंगातले रक्त आणि मुलाच्या अंगातले रक्त यांच्यात त्या दिवशी कोणतीही खातेवाटणी नव्हती.

घटसर्पाचा उल्लेख आलाच आहे तर जाता जाता एक सांगतो. मराठीत डॉक्टर 'घटसर्प' म्हणतात तेव्हा त्यांना मुलांच्या घशात पांढरट पापुद्रा धरणारा रोग अभिप्रेत असतो. मी 'घटसर्प' म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर गळा सुजून घुसमटलेली म्हैस असते. जंतू वेगळे, लसी वेगळ्या, आणि शब्द एक. आपल्या दोन मंडळांनी मिळून एखादा शब्दकोश जरी केला असता, तरी एवढा गोंधळ उरला नसता.

धनुर्वाताच्याच कुळातले इतर जंतू पाहिले की प्रतिकारशक्तीचा हिशेब आणखी विषम दिसतो. क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम हा पाश्चर यांनी १८७७ मध्ये वर्णन केलेला जंतू. तो मेंढ्यांत कातरणीच्या, खच्चीकरणाच्या आणि विण्याच्या वेळच्या जखमांत शिरून काही तासांत मांस सडवतो. माणसातल्या वायुकोथामागेही (गॅस गँगरीन, म्हणजे वायू धरत मांस सडण्याचा रोग) तो असतो, जरी तिथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स अधिक वेळा सापडतो. गुरांना फऱ्या हा स्नायू सडवणारा रोग होतो तो याच कुळातल्या क्लॉस्ट्रिडियम शोव्हिआयमुळे, आणि त्यात बाहेर जखम दिसलीच पाहिजे असे नाही. मुका मार लागलेल्या स्नायूत आधीच येऊन बसलेले बीजाणू जागे होतात. या सगळ्यांविरुद्ध गुरामेंढ्यांना सात-आठ जंतूंची एकत्रित लस वर्षानुवर्षे दिली जाते. माणसाकडे वायुकोथाविरुद्ध एकही लस वापरात नाही. त्याच्या वाट्याला मेलेले मांस कापून काढणे आणि प्रतिजैविके एवढेच आहे. २००० मध्ये स्कॉटलंड, इंग्लंड आणि आयर्लंडमध्ये अंमली द्रव्य स्नायूत टोचून घेणाऱ्यांमध्ये क्लॉस्ट्रिडियम नोव्हिआय या जंतूची साथ आली आणि त्यात अनेक जण दगावले. मानवी डॉक्टरांना हा जंतू क्वचितच भेटणारा. मेंढ्यांच्या डॉक्टरांना मात्र तो पिढ्यान्पिढ्या परिचयाचा, आणि मेंढ्यांसाठी त्याची लसही उपलब्ध. सर्व माणसांना ही लस द्यावी असे मी म्हणत नाही, रोग त्या मानाने फार विरळ आहे. पण ओळख तरी सामाईक असावी.

डुकरांच्या एरिसिपेलास या त्वचेवर चट्टे आणणाऱ्या रोगाचा जंतू डुकराला लसीने आवरता येतो. तोच जंतू मांस किंवा मासे कापणाऱ्याच्या बोटावरच्या चिरेतून शिरला की जांभळट, ठणकणारी सूज येते, आणि ती एकदा येऊन गेल्याने माणसाला टिकाऊ संरक्षण मिळत नाही. मेंढ्यांच्या गाठींमध्ये पू साठवणारा कोरिनेबॅक्टेरियम कातरणीच्या चिरांतून पसरतो, आणि त्याच्या लसीचा मुख्य भाग धनुर्वाताच्या लसीसारखा निष्प्रभ केलेल्या विषाचाच आहे. यावर अधिक लिहीत नाही.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर मात्र थांबले पाहिजे, कारण जखमेत पू करणाऱ्या जंतूंमध्ये त्याचा मान पहिला, आणि 'अंगात प्रतिपिंडे आहेत म्हणजे संरक्षण आहे' या समजुतीला त्याच्याइतके कोणी खोटे पाडलेले नाही. जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे असतात. तरी तेच गळू, तीच जखम पुन्हा पुन्हा पिकते. प्रतिपिंड जंतूला एका टोकाने पकडते आणि दुसरे टोक पांढऱ्या पेशीच्या हाती देते. या जंतूच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन प्रतिपिंडाला नेमके त्या दुसऱ्या टोकाकडून, शेपटीने, धरून ठेवते, आणि पेशीच्या हाती काही लागत नाही. हृदय व छातीच्या शस्त्रक्रियांपूर्वी देण्याच्या एका लसीची आठ हजारांवर रुग्णांवरची चाचणी २०११ मध्ये थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा लस घेऊनही ज्यांना या जंतूचा संसर्ग झाला त्यांच्यात मृत्यूंचे प्रमाण लस न घेतलेल्या संसर्गित रुग्णांपेक्षा अधिक आढळले. गाईंच्या कासदाहावरच्या लसी त्याच जंतूविरुद्ध आहेत, आणि त्यांचाही उपयोग माफकच.

हाच जंतू दोन जिवांमध्ये ये-जा करताना आपली शस्त्रे बदलतो. सीसी ३९८ या नावाने ओळखला जाणारा त्याचा वंश या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये डुकरे पाळणाऱ्यांच्या नाकांत व जखमांत सापडला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले, की हा वंश मुळात माणसाकडून डुकरांकडे गेला. जाताना त्याने माणसाच्या प्रतिकारयंत्रणेला चकवणारी जनुके टाकून दिली, कारण डुकरात त्यांचा उपयोग नव्हता. आणि तिथे राहून टेट्रासायक्लिन व मेथिसिलिन या प्रतिजैविकांना दाद न देण्याची शक्ती कमावली. मग तो माणसाकडे परत आला. या एका जंतूची कहाणी पुरी शिकवायची तर मानवी प्रतिकारशास्त्राचे प्राध्यापक, डुकरांचे पशुवैद्य आणि औषधशास्त्राचे प्राध्यापक एकाच व्यासपीठावर हवेत. सध्या ती तीन तुकड्यांत, तीन वेगवेगळ्या सत्रांत शिकवली जाते.

शेवटचा मुद्दा जखमेतल्या जागेवरच्या प्रतिकाराचा. पांढऱ्या पेशी जंतूला गिळल्यावर मारतात ते बऱ्याच अंशी प्राणवायूपासून बनवलेल्या दाहक रेणूंनी. जिथे रक्त पोचत नाही तिथे प्राणवायू नाही, आणि जिथे प्राणवायू नाही तिथे पेशींचे हे शस्त्र बोथट. धनुर्वात आणि वायुकोथ यांच्या जंतूंना नेमकी अशीच जागा हवी असते. कोकराच्या खच्चीकरणासाठी लावलेले रबरी कडे पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तोडून तो मारते, आणि त्या मेलेल्या मांसाच्या कडेला धनुर्वाताच्या बीजाणूंना आयती जागा मिळते, हे त्याचेच उदाहरण. १९५७ मध्ये एलेक आणि कोनन या संशोधकांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांच्या त्वचेत पू होण्यासाठी किती स्टॅफिलोकॉकस लागतात हे मोजले. साध्या त्वचेला लाखोंच्या संख्येने लागत; रेशमी टाक्याचा दोरा असेल तिथे काही शेकडे पुरत. १९६१ मध्ये जॉन बर्क या शल्यचिकित्सकांनी गिनीपिगवर दाखवले, की जंतू शिरल्यावर साधारण ३ तासांच्या आत प्रतिजैविक मिळाले तरच त्याचा ठळक उपयोग होतो. मग जखम लवकर, मुबलक पाण्याने धुणे, मेलेले मांस काढणे, नको तो दोरा न ठेवणे, ही कामे आपण 'ड्रेसिंग' या सदरात टाकून सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याकडे का सोपवतो? ती प्रतिकारशक्तीचीच कामे आहेत, आणि लस नसलेल्या जंतूंविरुद्ध त्यांच्याशिवाय आपल्या हाती फारसे काही नाही.

'प्रतिकारशक्ती वाढवणारे' म्हणून जे जे सांगितले व विकले जाते, त्यातल्या एकानेही धनुर्वाताच्या विषाविरुद्ध एकही प्रतिपिंड तयार होत नाही. प्रतिकारशक्ती हा एका टाकीतला साठा नसून कोणत्या जिवात, कोणत्या जंतूविरुद्ध, कशामुळे आणि किती काळ, या चार प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे आहेत, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवायला जखमेइतका चांगला विषय नाही. म्हणून माझी विनंती अशी, की पुढच्या अभ्यासक्रम-फेररचनेत धनुर्वात, वायुकोथ-फऱ्या, काळपुळी आणि स्टॅफिलोकॉकस या चारांचे एक संयुक्त प्रकरण दोन्ही शाखांना, शक्य तिथे एकाच वर्गात, शिकवले जावे. त्यात नाळ आणि चीक यांना भरपूर वेळ द्यावा. आणि लेखी परीक्षेत निदान एक प्रश्न असा असावा, ज्यात रुग्ण दोन असतील आणि खिळा एक.

केसपेपरच्या रकान्यासाठी फेररचनेची वाट पाहायची गरज नाही. माझ्याकडे सध्या एक रबरी शिक्का आहे. जनावराच्या कागदाच्या तळाशी तो मारला की दोन ओळी उमटतात: 'हाताळणाऱ्याला जखम आहे का? धनुर्वाताची शेवटची मात्रा कधी?' दुसऱ्या ओळीपुढची जागा बहुतेक वेळा कोरी राहते, कारण उत्तर कोणालाच आठवत नाही. कोरी दिसली की मी त्या व्यक्तीला जवळच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी देतो. शिक्क्याची शाई मेणकागदावर धरत नाही आणि पावसात पुसून जाते. तो मजकूर छापील असावा, एवढेच मागणे आहे. नमुना म्हणून शिक्का मारलेला एक कोरा कागद या पत्रासोबत दोन्ही मंडळांकडे पाठवला आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक पशुवैद्य